अनुमोदक

मार्च संपत आला होता. ग्रामपंचायतीतलं झेरॉक्स मशीन बंद पडलं, म्हणून ग्रामसेवक स्वतःच फाइल घेऊन माझ्या दुकानात आले. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. "चार-चार प्रती काढा मॅडम, पानांचा क्रम चुकवू नका," एवढं सांगून ते बाहेर रस्त्याच्या कडेला फोनवर बोलत उभे राहिले.

मी मूळची परभणीकडची. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा आम्ही मुळशीत आलो आणि पौड रस्त्यालगतच्या एका गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या गावाचं नाव मी इथं मुद्दामच लिहीत नाही. मुलगी तिथल्या शाळेत जायला लागली, मतदार यादीत आमची नावं आली, आणि बाजारपेठेत मी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. खोल्या आणि गाळा दोन्ही एकाच बाईंचे. त्या सत्तरीच्या, विधवा, आमच्या शेजारीच राहायच्या. भरे गावाकडे थोडी भातशेती, आणि इकडे रस्त्याला लागून ओळीने चार गाळे. मी त्यांना आक्का म्हणायचे. त्यांचा एकुलता मुलगा जेसीबी चालवायचा, आणि तो जेसीबी बहुतेक वेळा सरपंचबाईंच्या यजमानांच्या साइटवर असायचा. सरपंच बाई होत्या, पण कारभार यजमानच बघायचे. त्यांना सगळे शेठ म्हणत.

झेरॉक्स काढणारं माणूस कागद वाचत नाही. दिवसभर आधार कार्डं, सातबारे, मार्कशीट हातातून जातात, डोळ्यांपुढून काहीच जात नाही. त्या दिवशी मात्र मशीन तापून थांबलं आणि काचेवरचं पान माझ्या हातात राहिलं. वर लिहिलं होतं, 'बाजारपेठ सुधारणा व व्यापारी सुविधा'. खाली कामांची यादी होती. पेव्हर ब्लॉक, गटार, पथदिवे. चौथी ओळ होती: महिला स्वच्छतागृह, बाजारतळ. पुढे शेरा होता, काम पूर्ण.

मी ती ओळ तीनदा वाचली. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मी त्या बाजारपेठेत बसत होते आणि दुपारनंतर पाणी पीत नव्हते, कारण जायला जागा नव्हती. वर्षात दोनदा लघवीचा संसर्ग झाला होता. पौडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाणी प्या. भाजी विकायला बसणाऱ्या बायका तर पहाटे घरून निघायच्या आणि थेट संध्याकाळी घरी जाऊनच मोकळ्या व्हायच्या.

भाऊसाहेब आत आले तेव्हा मी अगदी साधेपणाने विचारलं, "भाऊसाहेब, हे स्वच्छतागृह नक्की कुठं झालंय?"

त्यांनी माझ्या हातातलं पान काढून घेतलं. रागावले नाहीत. पानाच्या कडा नीट जुळवत म्हणाले, "तुम्ही वाचता का हो सगळं?"

"मशीन थांबलं होतं, म्हणून नजर गेली."

"बरं," ते म्हणाले. पैसे दिले, पावती मागितली नाही. पायरी उतरल्यावर एकदा मागे वळून त्यांनी दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर माझा फोन नंबर होता. तो त्यांच्याकडे आधीपासून असणार, पण त्यांनी तो वाचल्यासारखा वाचला.

संध्याकाळी मी आक्कांना घेऊन बाजारतळावर गेले. तिथं पाण्याच्या टाकीखाली मोटारीची खोली आहे. तिच्या पत्र्याच्या दारावर नव्या रंगाने बाईचा चेहरा काढला होता, कपाळावर कुंकू, आणि खाली 'महिला' असं लिहिलं होतं. दाराला कुलूप होतं. आतून मोटारीचा आवाज येत होता.

"ह्ये कधी रंगवलं?" आक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, "फोटोपुरतं रंगवलेलं दिसतंय."

आक्का बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चल घरी. हितं उबं ऱ्हाऊ नगं."

मी ऐकायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता येत नाही. एक मेच्या ग्रामसभेला मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष पुढे, मागे अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या पाचसहा बाया. भाऊसाहेबांनी विषय भराभर वाचले, प्रत्येक विषयानंतर "मंजूर?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढे गेले. अंदाजपत्रकाचा विषय आला तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "बाजारपेठेच्या कामाचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवा, एवढीच विनंती आहे."

पुढच्या रांगेतल्या माणसांनी मागे वळूनही पाहिलं नाही. शेठ खुर्चीत बसले होते, ते हसले. त्यांचं हसणं चांगलं होतं, वडीलधाऱ्या माणसाचं वाटावं तसं. म्हणाले, "ताईंनी चांगला प्रश्न विचारला. शिकलेली माणसं गावात आल्याचा हा फायदा असतो. भाऊसाहेब, ताईंना दप्तर दाखवा."

"दप्तर कार्यालयात आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"मग सोमवारी या, ताई."

सोमवारी कार्यालयाला कुलूप होतं. पुढच्या सोमवारी भाऊसाहेब मीटिंगला गेले होते. त्याच्या पुढच्या सोमवारी शिपायाने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि दोन तासांनी सांगितलं की कपाटाची किल्ली सापडत नाही.

मला कुणी धमकी दिली नाही. हे मी सगळ्यांना सांगते, कारण लोक तेच आधी विचारतात. झालं ते असं, की दुपारी तीनच्या सुमाराला एक माणूस येऊन माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसायला लागला. पांढरा शर्ट, पायात चप्पल. मोबाइल बघायचा, पाचला उठून जायचा. मी एकदा विचारलं, "काही काढायचंय का?" तर म्हणाला, "न्हाई न्हाई, तुमचं चालू द्या." महिनाभर तो रोज आला. त्याच महिन्यात शाळेचं झेरॉक्सचं काम दुसरीकडे गेलं. पतसंस्थेचंही गेलं. भाजीवाल्या बाया, ज्यांच्यासाठी आपण बोललो असं मला वाटत होतं, त्या माझ्या दुकानापुढून जाताना पदर सावरत भराभर जायला लागल्या.

नवरा म्हणाला, "आपण इथं भाड्याने राहतो. हे विसरू नकोस." तो चिडून बोलला नव्हता.

मग एक दिवस शेठ स्वतः दुकानात आले. एकटेच. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. "चार कॉपी द्या, ताई."

तो सातबारा होता. मी तो मशीनवर ठेवला आणि नाव दिसलं. आक्कांचं. आणि गट नंबर आमच्या गाळ्यांचा. ज्या जमिनीवर मी उभी होते, तिचाच उतारा मी छापत होते.

"गाळे रस्त्यात येतायत," शेठ म्हणाले. "गावाचा ठराव झालाय. बाजारपेठ मोठी करायची तर थोडं मागं सरकावं लागतं सगळ्यांनी."

"कधी झाला ठराव?"

"झालाय की. तुम्हाला माहीत असायला पाहिजे." त्यांनी चारही प्रती मोजून घेतल्या आणि सुटे पैसे काउंटरवर ठेवले. "मुलगी कितवीत आहे आता?"

"पाचवीत."

"छान. हुशार आहे, असं गुरुजी सांगत होते."

ते गेल्यावर मी दुकान तासभर बंद ठेवून शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. शाळा सुटायला अजून वेळ होता. काही झालं नाही. मुलगी आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू का आलीस?" मी म्हटलं, सहज.

त्यानंतर मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दप्तर प्रत्यक्ष बघायला मिळावं म्हणून. महिन्याने पत्र आलं की अमुक दिवशी अकरा वाजता या. पाऊस लागला होता. कार्यालयात दिवे नव्हते. भाऊसाहेबांनी खिडकीजवळ टेबल लावून दिलं आणि इतिवृत्ताची वही माझ्यासमोर ठेवली. स्वतः पलीकडे पेपर वाचत बसले.

ठराव फेब्रुवारीतल्या ग्रामसभेचा होता. त्या सभेची दवंडी किंवा नोटीस मला आठवत नव्हती. ठरावात लिहिलं होतं की बाजारपेठेच्या सुधारणेसाठी रस्ता रुंद करावा, रस्त्यालगतचे गाळे जागामालकाच्या संमतीने मागे घ्यावेत, महिला स्वच्छतागृहाच्या झालेल्या कामास मान्यता द्यावी. खाली सूचक म्हणून शेठच्या चुलतभावाचं नाव होतं. त्याच्याखाली अनुमोदक. अनुमोदक मी होते.

माझं नाव भाऊसाहेबांच्या अक्षरात होतं. पण पुढच्या पानावर हजेरीचा कागद चिकटवलेला होता, आणि तिथली सही माझीच होती. कुणी केलेली नक्कल नव्हती. शेवटच्या अक्षराची शेपटी मी खाली ओढते, ती तशीच ओढलेली. मग मला आठवलं. फेब्रुवारीत ग्रामपंचायतीचा शिपाई बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरला होता. म्हणाला होता, रस्त्यावर दिवे लावायचेत, सगळ्यांच्या सह्या लागतात. रेघा मारलेला कागद होता, वर काही लिहिलेलं नव्हतं. मी ग्राहकाचा फॉर्म भरत होते. मान वर न करता सही केली होती.

माझ्या सहीच्या खाली बाकीच्या दुकानदारांच्या सह्या होत्या. त्यात एक सही आक्कांची होती. सुबक, सरळ रेषेत, काना मात्रा जागच्या जागी. आमचा भाडेकरार मी स्वतः टाइप केला होता आणि आक्कांच्या डाव्या अंगठ्याला शाई मीच लावली होती. त्यांना लिहिता येत नव्हतं.

"झालं का बघून?" भाऊसाहेब पेपरामागून म्हणाले.

"या पानांची प्रत हवी."

"घ्या की. तुमच्याच दुकानातून काढून आणतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

घरी येऊन मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मी म्हटलं, "आक्का, ती सही तुमची नाही. तुम्ही एकदा अधिकाऱ्यासमोर एवढंच सांगा, की मला लिहिता येत नाही. बाकी काही बोलू नका. ठराव टिकणार नाही."

"आन् तुजी सही?"

"माझी खरी आहे. फसवून घेतली, पण खरी आहे. माझ्या सांगण्याला जोर नाही. तुमच्या आहे."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "सांगीन," म्हणाल्या. "माजी जमीन हाय. माज्या अंगट्याबिगर कुनी कशी घील? सांगीन की."

मी पौडला जाऊन पंचायत समितीत तक्रार दिली. तिथले विस्तार अधिकारी वयाने लहान होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आक्कांच्या भाडेकराराची प्रत लावून घेतली आणि चौकशीला गावात येतो म्हणाले. तारीख मिळाली ती महिनाभरानंतरची.

त्या महिन्यात गावात कामं सुरू झाली. टाकीशेजारी विटा येऊन पडल्या. चार गवंडी लागले. पंधरा दिवसांत मोटारीच्या खोलीला लागून दोन संडास, एक मोरी आणि वर पत्रे, असं सगळं उभं राहिलं. दारावर तोच चेहरा पुन्हा काढला, या वेळी जरा हसरा. भाजीवाल्या बाया तिथं जायला लागल्या. मीही गेले. नळाला पाणी होतं. आतून कडी लावून मी उभी राहिले तेव्हा आनंद झाला नाही, कारण चौकशीला येणाऱ्या माणसाला आता काय दिसणार ते मला कळलं होतं.

त्याच दिवसांत आक्का एकदा दुकानात आल्या. मी झेरॉक्सबरोबर वह्या-पेनंही ठेवायचे. त्यांनी दुरेघी वही मागितली आणि शिसपेन्सिल.

"कुणाला, आक्का?"

"नातवाला," त्या म्हणाल्या. नातू नववीत होता. त्याला दुरेघी वही कशाला लागेल, हे मी विचारलं नाही. त्यांचा मुलगा बाहेर मोटरसायकल चालू ठेवून उभा होता आणि त्याची नजर आमच्यावर होती. नंतर आठवडाभर आक्का ओट्यावर दिसल्या नाहीत. मी दार वाजवलं की सूनबाई सांगायची, झोपल्यात.

चौकशी शाळेच्या एका वर्गात झाली. बाकं लहान मुलांची होती, त्यांवर आम्ही गुडघे आखडून बसलो. विस्तार अधिकारी, भाऊसाहेब, शेठ, मी, आणि आक्का. आक्कांचा मुलगा दारात उभा होता. अधिकाऱ्यांनी आधी मला विचारलं. मी सही ओळखली आणि ती कशी घेतली तेही सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग इतिवृत्ताची वही आक्कांसमोर ठेवली.

"आजी, ही सही तुमची आहे का?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय," म्हणाल्या.

"तक्रारीत म्हटलंय की तुम्हाला लिहिता येत नाही."

"येतं."

"भाडेकरारावर अंगठा आहे तुमचा."

"तवा हात दुकत हुता."

अधिकाऱ्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "इथं सही करून दाखवता का?"

आक्कांनी पेन धरलं ते मुठीत धरल्यासारखं, मग बोटांत नीट घेतलं. त्यांनी पहिलं अक्षर काढलं. काना दिला. पेन उचललं, श्वास घेतला, दुसरं अक्षर काढलं. ओठांनी त्या काहीतरी म्हणत होत्या, आवाज न करता. पूर्ण नाव लिहायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मधे एकदा त्या थांबल्या तेव्हा त्यांचा मुलगा दारात पुढे झाला. मग त्यांनी शेवटचं अक्षर काढलं आणि पूर्ण नावावर सावकाश रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

वहीतल्या सहीसारखी ती अजिबात नव्हती. पण ती सही होती.

"वय झालंय," शेठ हळूच म्हणाले. "हात थरथरतो."

अधिकाऱ्यांनी कागद उचलून दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या. त्यांना कळलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण जिची जमीन, तीच हो म्हणत होती. स्वच्छतागृह समोर उभं होतं. अनुमोदक कबूल करत होती की सही तिचीच आहे. त्यांनी मला जाताना एवढंच सांगितलं, "ताई, माझ्याकडे जे येईल तेच मला लिहिता येतं."

अहवालात त्यांनी दोन सह्यांमध्ये फरक असल्याची नोंद केली. पुढे त्या नोंदीचं काय झालं, ते मला कुणी कळवलं नाही.

दिवाळीनंतर गाळे पाडले. जेसीबी आक्कांच्या मुलाचाच होता. मी आदल्या दिवशी मशीन आणि कपाट हलवलं होतं, तरी सकाळी बघायला गेले. पांढरा शर्ट घालून रोज बाकावर बसणारा माणूस वाहनं थांबवायला उभा होता. त्याने मला हात जोडून नमस्कार केला. माझ्या गाळ्याची भिंत एका धक्क्यात आत पडली. आक्का समोर खुर्चीवर बसून बघत होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, सोडला नाही. बाजारपेठ आता खरंच रुंद आहे. पेव्हर ब्लॉक आहेत, दिवे आहेत. मागच्या बाजूला दोन मजली इमारत उभी राहते आहे, तिच्यात गाळे मिळतील असं सांगतात. कुणाला, ते सांगत नाहीत.

आम्ही पुण्याला लागून असलेल्या सूसला राहायला आलो. सोसायट्यांच्या गर्दीत माझं दुकान बरं चालतं. इथं कुणी कुणाला ओळखत नाही, आणि काही महिने मला तेच हवं होतं.

परवा एका कामासाठी पौडला गेले होते. तहसील कार्यालयाजवळून एसटी स्टँडवर आले तर आक्का बाकावर बसल्या होत्या. नेसणं नीट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. वाळल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी मुलीची चौकशी केली, नवऱ्याची केली. मी विचारलं, "इकडं कशा?"

"सही कराया."

"कसली सही?"

"म्हाईत न्हाई. लांब कागद हुता." त्या समोर गाड्यांकडे बघत होत्या. "आदी अंगटा हुता तवा दोन मानसं लागायची वळख द्याया. कागद वाचून दावायचे, मग अंगटा. आता सही येती म्हंतात. बोलवत्यात, करून घेत्यात. ह्या महिन्यात तिसऱ्यांदा आले."

"आक्का, भरेची जमीन आहे ना अजून तुमच्या नावावर?"

"हाय की," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "हाय न्हवं?"

मी म्हटलं, पिशवीतले कागद दाखवा, मी वाचते. त्यांनी पिशवी पोटाशी घेतली. पोरगा चहा प्यायला गेलाय, येईल एवढ्यात, असं म्हणाल्या. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाने घट्टा पडला होता. मुलगा समोरून येताना दिसला तशा त्या उठल्या आणि माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या, आपण एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या. गाडी लागली. मुलाने त्यांना दंडाला धरून वर चढवलं.

मी मागे फिरून तहसील कार्यालयाच्या दिशेने चालायला लागले. आक्कांचा पीकविम्याचा फॉर्म दरवर्षी मीच भरायचे, त्यामुळे भरेचा गट नंबर मला पाठ होता. उताऱ्यावर आज कुणाचं नाव आहे, एवढंच बघायचं होतं. खिडकीपाशी मोठी रांग होती. मी तिच्या शेवटी जाऊन उभी राहिले.